डाव्या हातातलं कडं

लग्नात बँडवाल्याचं काम तसं सोपं असतं. लोकांनी नाचावं म्हणून आपण उन्हात उभं राहायचं. पंचवीस वर्षं मी ते इमानेइतबारे केलं. अंगात लाल मखमली कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर तुऱ्याची टोपी आणि वर आमच्या वऱ्हाडातलं मे महिन्याचं ऊन. लग्नसराई आणि उन्हाळा यांची गाठ कोणी मारली देव जाणे, पण मारली ती पक्की. मी उत्तम अवचार, मूर्तिजापूरच्या सूरमणी बँडचा मास्तर. क्लॅरिनेट वाजवतो. माझा धाकटा भाऊ अंकुश ताशा वाजवायचा.

पाच वर्षांपूर्वी पारा एकोणपन्नासावर जाऊन बसला आणि आठवडाभर उतरलाच नाही. शेतात, रस्त्यावर, विटांच्या भट्टीवर माणसं बसल्या जागी गेली. तेव्हा सरकारनं दुपारबंदी आणली. मार्च ते जून, सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच, उघड्यावर कोणी काम करायचं नाही. कायदा चांगला होता, त्यानं माणसं वाचली हे मी नाकारत नाही. आमचा धंदा मात्र बसला. लग्नं थंड हॉलमध्ये लागायला लागली, तिथं स्पीकरच्या पेटीतून गाणी वाजायची. वरात निघायची ती हॉलच्या दारापासून गाडीपर्यंत, वीस पावलं. वीस पावलांना बँड कोण लावतो?

मी शिकवण्या धरल्या. अंकुशनं दारू धरली. त्याच्यासारखा ताशेवाला पाच जिल्ह्यांत नव्हता, आणि हाताला काम नसलं की असा माणूस लवकर सडतो. प्यायला की तो बाबांची आठवण काढून रडायचा आणि मलाच बाबा म्हणायचा. बाबांनीच आम्हा दोघांना वाद्यं शिकवली होती, त्यांना जाऊन पंधरा वर्षं झाली होती. अंकुशची बायको प्रणिता दीड वर्ष सोसून शेवटी पोरीला घेऊन कारंज्याला माहेरी निघून गेली. तिचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

मग गोळी आली. तिचं कागदावरचं नाव मला आजही नीट म्हणता येत नाही. लोक तिला ‘सावली’ म्हणायचे. सावली घ्यायची आणि अर्ध्या तासात ऊन लागायचं थांबायचं. अंगाची लाही नाही, डोळ्यापुढं अंधारी नाही, चटके नाहीत. मी पहिली गोळी घेऊन भर दोन वाजता गच्चीवर अनवाणी उभा राहिलो होतो आणि वेड्यासारखा हसलो होतो.

कायद्यात दुरुस्ती झाली. ज्यानं सावली घेतली आहे आणि मनगटात सरकारी कडं घातलं आहे, त्याला दुपारबंदी नाही. पहिल्या वर्षी ही सवलत होती. दुसऱ्या वर्षी सावली घेणार नाही म्हणणाऱ्याला काम मिळेनासं झालं. आमच्यापुरतं सांगायचं तर दिवस पालटले. लोकांनी पुन्हा दुपारचे मुहूर्त काढले, घोडे आले, बँड आले. अंकुशनं बाटली सोडली आणि प्रणिताला आणायला कारंज्याला गेला. मी सोबत होतो. तो पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लागला, तर प्रणितानं त्याचा हात धरला.

“पोरीच्या डोक्यावर हात ठिवून खोटं बोलनारे लय पाह्यले मी,” ती म्हणाली. “ताश्यावर ठेवा.”

आम्ही दसऱ्याला वाद्यांची पूजा करणारी माणसं. ताशावर खोटा हात ठेवणारा अजून आमच्यात जन्मला नाही. अंकुशनं ताशा मागवून घेतला, त्यावर दोन्ही तळहात ठेवले, आणि त्या दिवसापासून दोन वर्षं थेंबाला शिवला नाही. निदान मी तसं धरून चाललो होतो.

गोळी घेणाऱ्या सगळ्यांना तहसीलमध्ये एक दिवस शिकवायचे. आम्हाला शिकवायला शेंडे सिस्टर होत्या, बारीक चणीच्या आणि जिभेला धार असलेल्या. त्यांनी फळ्यावर कातडीचं चित्र काढलं. कातडीत नसांची टोकं असतात, त्यांना अगदी बारीक दारं असतात, त्रेचाळीस अंशांच्या आसपास ती उघडतात आणि मेंदूला निरोप जातो की पोळतंय, हल इथून. सावली ती दारं लावून घेते.

“ऊन तेवढंच असतं,” सिस्टर म्हणाल्या. “अंग तेवढंच तापतं. फक्त तुम्हाला कळत नाही. म्हणून हे कडं. तुमच्या वाटणीचा निरोप आता हे देणार.”

कडं मनगटातून थोडी थोडी ऊब मोजून शरीराच्या आतलं तापमान काढायचं. हिरवं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे बसा आणि पाणी प्या, लाल म्हणजे धोका. लाल झालं किंवा कडं अंगावेगळं झालं की जिल्ह्याच्या कक्षात घंटा वाजायची आणि घरच्या माणसाला फोन जायचा. आणखी एक गोष्ट सिस्टरनी दोनदा सांगितली. दुसऱ्याचा ताप हात लावून बघू नका. गोळी घेतल्यावर तुमचा तळहातही आंधळा असतो.

मग त्यांनी उष्माघाताची लक्षणं सांगितली. माणूस आधी चिडतो, मग बरळतो, मग त्याचे पाय अडखळतात, मग तो पडतो. घाम थांबेलच असं नाही, कष्टकऱ्याला घामाच्या धारा लागलेल्या असतानाही होतो. असा माणूस दिसला की सावलीत न्यायचा, कपडे काढायचे, अंगभर पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि एकशे आठला फोन करायचा. गाडीची वाट बघत बसायचं नाही, आधी थंड करायचं.

“चिडतो, बरळतो, अडखळतो, पडतो,” आमचा ट्रम्पेटवाला मुनीर बोटं मोजत म्हणाला. “सिस्टर, हे तं दर लग्नात आमचा अर्धा बँड करते.”

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो.

कड्याची अडचण पहिल्याच लग्नात कळली. ताशेवाल्याचं मनगट एका जागी कधी ठरतच नाही. अंकुशचं कडं तासाभरात तीनदा लाल झालं. दर वेळी सरकारी नियमानं कड्यांना जोडलेला बँडचा स्पीकर आपोआप बंद पडला, वरात थांबली, वरबाप माझ्या अंगावर आला. तिकडं घरी प्रणिताला तीनदा फोन गेला. रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज यायचा, “अंकुश अवचार यांना ताबडतोब सावलीत न्या. सावलीत नेलं असल्यास एक दाबा.” ती बिचारी तिसऱ्या फोनला रिक्षा करून मांडवात धावत आली. बघते तर नवरा टेचात ताशा बडवतोय.

ते लाल खोटं होतं असं आम्ही सगळ्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं. आता कोण सांगणार.

पुढच्या लग्नापासून मी तोड काढली. कडं काढल्यावर मिनिटाच्या आत दुसऱ्या मनगटात चढवलं तर घंटा वाजत नाही, हे मुनीरला कोणाकडून तरी कळलं होतं. वरातीआधी अंकुशचं कडं मी माझ्या डाव्या हातात घालायचो. क्लॅरिनेटला बोटं नाचतात, मनगट स्थिर असतं. उजव्या हातात माझं, डाव्यात त्याचं, वर कोटाची बाही. दोन्ही हिरवी. वरात झाली की परत करायचो. मोठ्या भावानं धाकट्याचं ओझं घेतलं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मे महिन्याच्या सहा तारखेला घाटोळ पाटलांच्या मुलाचं लग्न होतं, बारा किलोमीटरवरच्या खेड्यात. मुहूर्त बारा एकतीसचा, म्हणजे लागणार अडीचला. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीला निघाला तेव्हा पारा सत्तेचाळीस होता, आणि आदल्या दिवशीच्या वळवाच्या शिडकाव्यानं हवा जड झाली होती. घाम वाळत नव्हता. घाम वाळला नाही तर अंग निवत नाही, हेही सिस्टरनी सांगितलं होतं. पण आम्हाला कोणालाच काही लागत नव्हतं. वऱ्हाडी मंडळीही सावली घेऊन आलेली. पाचशे माणसं भर उन्हात नाचत होती आणि पाण्याच्या टाकीकडं कोणी फिरकत नव्हतं.

मारुतीच्या अलीकडं अंकुशचा ठेका घसरला. पहिल्यांदा मला माझेच कान बिघडले असं वाटलं. वीस वर्षांत त्या हाताचा ठेका चुकलेला मी ऐकला नव्हता. मी वळून पाहिलं तर तो गाणं एक आणि ठेका भलताच वाजवत होता, डोळे कुठंतरी लागलेले. नवरदेवाचा काका काही बोलला तर अंकुशनं त्याच्या अंगावर काडी फेकली. असं त्यानं कधी केलं नव्हतं. पीत होता तेव्हा मात्र केलं होतं.

मी त्याला दंडाला धरून बाजूला ओढलं. त्याचे पाय एकमेकांत अडकत होते.

“घेतली ना?” मी विचारलं.

“म्या नाई घेतली.” जीभ जड झाली होती. “ताश्याची आन, बाबा.”

बाबा. तो शब्द ऐकला आणि माझं डोकं फिरलं. दोन वर्षांचा सगळा विश्वास त्या एका शब्दापाशी संपला. ताशाची आण घेऊन खोटं बोलतोय असं मला वाटलं, आणि मी त्याच्या थोबाडीत मारली. भर वरातीत, पाचशे लोकांसमोर. तो माझ्याकडं लहान मुलासारखा बघत राहिला.

मुनीर जवळ आला, त्यानं वाकून अंकुशच्या तोंडाचा वास घेतला. “मास्तर, वास नाई येत.”

“इंग्लिश असंन,” मी म्हणालो.

हे माझे शब्द. दुसऱ्या कोणाचे नाहीत.

पाटलांचे लोक बघत होते. पिऊन पडलेला ताशेवाला लोकांना दिसला तर सूरमणीला पुन्हा या भागात कोण बोलावणार, ही मला काळजी. शुद्ध येईपर्यंत झोपू दे म्हणून आम्ही दोघांनी त्याला उचलून बँडच्या टेम्पोत टाकला. टेम्पो पत्र्याचा, मागून बंद, भर उन्हात उभा. मी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. साधं लागलं. टेम्पोत शिरलो तर टेम्पोही साधा लागला. कोट तसाच अंगात राहू दिला, गुंड्यासुद्धा सोडल्या नाहीत. बाहेर येऊन मी पत्र्याचं दार दोन्ही हातांनी लोटून लावलं. संध्याकाळी पाहिलं तेव्हा माझ्या दोन्ही तळव्यांवर मोठमोठे फोड आले होते.

ताशा मी मुनीरच्या पुतण्याच्या गळ्यात घातला आणि वरात पुढं नेली. चाळीस मिनिटं. मांडवाच्या दारात पोहोचून शेवटचं गाणं वाजवलं, बिदागीचा नारळ घेतला आणि मग टेम्पो उघडला.

तालुक्याच्या दवाखान्यात त्या दिवशी फरशीवरही माणसं निजवली होती. डॉक्टर तरुण होता, त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. तो दिवसभर आत काम करणारा, त्यानं सावली घेतलेली नव्हती. त्यानं अंकुशच्या छातीला हात लावला आणि झटकन मागं घेतला.

“अंग तर भाजतंय,” तो म्हणाला. मग त्यानं पडद्यावर नाव घातलं आणि गोंधळला. “पण कड्याची नोंद तर सदतीस पॉइंट चार आहे. सबंध दुपार हिरवी. प्यायले होते का?”

तोवर, खरं सांगतो, कडं माझ्या ध्यानातच नव्हतं. त्या क्षणी डाव्या मनगटात ते एकाएकी जाणवलं. मी बाही खाली ओढली.

“हो,” मी म्हणालो. “जुनी सवय होती.”

आणखी कोणालातरी आत आणलं म्हणून त्याला जावं लागलं. कागदावर त्यानं लिहिलं, तापमान सामान्य, मद्यप्राशनाचा इतिहास, उलटी श्वासनलिकेत जाऊन मृत्यू झाल्याची शक्यता. व्हिसेरा पाठवला, अहवालाला सहा महिने. बंद टेम्पोत मेलेला माणूस नंतरही तापतो, असं कोणीतरी म्हणालं आणि विषय संपला.

प्रणिता रडली नाही. लोक येत होते, बसत होते, उठताना हळूच म्हणत होते की सवय जात नाही हो. ती ऐकून घेत होती. दहाव्याला मी तिला म्हणालो की पोरीनं बापाच्या फोटोला हार घालावा. ती म्हणाली की माणूस मेला त्याचं मी सोसीन, पण त्यानं ताशावर हात ठेवून मला फसवलं, त्या माणसाला हार नाही. पोर कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होती. चौदा वर्षांची आहे. तिनं ताशा उचलून माळ्यावर टाकून दिला.

मी गप्प बसलो. गप्प बसायला माझ्याकडं कारणं होती, आणि ती खोटी नव्हती. कड्याची अदलाबदल म्हणजे परवाना रद्द, माझ्यावर खटला, आणि मुनीर धरून आठ घरांची चूल बंद. अंकुश काही परत येणार नव्हता. रोज मी स्वतःला हेच सांगायचो. आणि रोज डाव्या हातात बघायचो. कडं काढलं की घंटा वाजेल, म्हणून काढलं नव्हतं. अंघोळीला तसंच, झोपायला तसंच. आरोग्य खात्यानं मृत्यूचा दाखला दिला, पण कडी कामगार खात्याची, तिथं कोणी कळवलं नव्हतं. बाही वर केली की हिरवा दिवा आणि खाली अक्षरं दिसायची. अंकुश अवचार. प्रकृती ठीक.

बाविसाव्या दिवशी मुनीर घरी आला. चहा घेतला नाही.

“मास्तर, त्याच्या तोंडाले वास नव्हता,” तो म्हणाला. “मी सांगतलं होतं तुमाले. आता वहिनीले तुमी सांगता का मी सांगू?”

मी विचारलं की परवाना गेल्यावर खाशील काय. तो म्हणाला की भाजीची गाडी लावीन, पण त्या पोरीसमोरून मान खाली घालून रोज जाता येत नाही.

मी तसाच उठून प्रणिताकडं गेलो. ती गहू निवडत होती. मी बाही वर केली, हात तिच्या पुढ्यात धरला आणि सगळं सांगितलं. थोबाडीत मारली तेही सांगितलं. गुंड्या सोडल्या नाहीत तेही. तिनं सुपातला हात काढला नाही. तिनं एकच विचारलं.

“म्हंजे त्याईनं घेतली नव्हती?”

“नाही.”

“आन तुमाले मालूम होतं. बावीस दिवस.”

मी हो म्हणालो. तिनं सूप बाजूला ठेवलं, पदरानं तोंड पुसलं आणि चला म्हणाली.

कामगार खात्याच्या कचेरीत एसी होता. तिथल्या मॅडमनी माझा जबाब घेतला. मध्येच त्या थांबल्या आणि पडदा आमच्याकडं वळवला. सहा तारखेपासूनची सगळी रेघ हिरवी होती. छत्तीस पॉइंट नऊ, सदतीस, सदतीस पॉइंट एक. माझा भाऊ अग्नी दिल्यानंतरही बावीस दिवस ठणठणीत होता.

“काढा ते,” मॅडम म्हणाल्या.

माझ्या तळव्यांवर नवी कातडी आली होती, बोटं नीट वळत नव्हती. खिट्टी निघेना. शेवटी प्रणितानं माझं मनगट धरलं आणि काढून टेबलावर ठेवलं. आकडा उतरायला लागला. पस्तीस. बत्तीस. एकोणतीस. मिनिट भरलं आणि दिवा लाल झाला.

प्रणिताच्या पिशवीतला फोन वाजला. तिनं नाव पाहिलं आणि कानाला न लावता समोर टेबलावर धरला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

“अंकुश अवचार यांना ताबडतोब सावलीत न्या,” तो बाईचा आवाज म्हणाला. “सावलीत नेलं असल्यास एक दाबा.”

प्रणितानं फोन माझ्यापुढं सरकवला.

“तुमीच दाबा, दादा,” ती म्हणाली.

माझा हात टेबलावरच राहिला. आवाजानं तेच पुन्हा सांगितलं, आणि मग आणखी एकदा.